जनरल मोटर्स आणि शेवरोले: कंपनीचा इतिहास, मालकांचे अनुभव आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनरल मोटर्स म्हणजेच शेवरोले ना?

नाही. जनरल मोटर्स ही डेट्रॉइटची मूळ कंपनी आणि शेवरोले हे तिचं सगळ्यात जास्त खपणारं नाव. अमेरिकेत आज तिची चार नावं उरली आहेत: शेवरोले, ब्युइक, जीएमसी आणि कॅडिलॅक. पूर्वी पाँटिअॅक, ओल्ड्समोबिल, सॅटर्न, ओकलँड, हमर अशी आणखी बरीच होती. आपल्याकडे १९९४ नंतर आधी तिचं जर्मन नाव ओपेल आलं, मग शेवरोले. त्यामुळे शेवरोलेचं सोनेरी बो-टायचं चिन्ह लोकांच्या लक्षात राहिलं आणि मालक कंपनीचं नाव फारसं कुणाच्या तोंडी बसलं नाही.

या कंपनीच्या कुठल्याही गाडीबद्दल एक प्रश्न नेहमी विचारायचा असतो: वर नाव कुणाचं आणि आत गाडी कुणाची? पुढची बरीचशी उत्तरं फिरून याच प्रश्नावर येतात.

ही कंपनी सुरू कुणी केली?

विल्यम ड्युरंट नावाच्या माणसाने, १६ सप्टेंबर १९०८ रोजी. मिशिगनमधल्या फ्लिंट गावात त्याचा घोडागाड्यांचा मोठा धंदा होता. तो इंजिनिअर नव्हता, हाडाचा विक्रेता होता. डेव्हिड ब्युइक हा मूळचा नळकामाच्या धंद्यातला माणूस. ओतीव लोखंडाच्या आंघोळीच्या टबांवर एनॅमल चढवण्याची रीत त्याने काढली होती. त्याची मोटारकंपनी डबघाईला आली होती, ती ड्युरंटने उभी केली. मग एकामागून एक कंपन्या विकत घ्यायचा सपाटा लावला. १९०८ मध्ये ओल्ड्स, १९०९ मध्ये ओकलँड आणि कॅडिलॅक. पैसा मात्र तेवढ्या वेगाने येईना. १९१० मध्ये कर्ज देणाऱ्या बँकांनी त्याच्या हातून कारभार काढून घेतला.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. ड्युरंटने स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला शर्यतीचा ड्रायव्हर लुई शेवरोले याला हाताशी धरलं आणि १९११ मध्ये त्याच्या नावाने नवी कंपनी काढली. गाडी कशी असावी यावरून दोघांचं बिनसलं आणि लुई लवकरच बाहेर पडला. त्याचं आडनाव मात्र कंपनीकडेच राहिलं. त्या शेवरोलेच्या जोरावर ड्युरंटने १९१६ मध्ये जनरल मोटर्सवर पुन्हा ताबा मिळवला. १९२० मध्ये शेअर बाजारातल्या उलाढालींनी तो परत बुडाला आणि या वेळी कायमचा गेला. उतारवयात तो फ्लिंटमध्ये बोलिंगचा अड्डा चालवत होता. डेव्हिड ब्युइकही गरिबीत मेला. ज्यांच्या नावांवर लाखो गाड्या विकल्या गेल्या, त्या ब्युइक आणि शेवरोले या दोघांच्याही हाती फारसं काही लागलं नाही.

एकाच कंपनीला इतकी नावं कशासाठी लागत होती?

हा आल्फ्रेड स्लोन यांचा हिशेब. १९२३ मध्ये ते अध्यक्ष झाले तेव्हा कंपनीच्याच गाड्या किमतीत एकमेकींशी भांडत होत्या. स्लोन यांनी पायऱ्या आखून दिल्या. सगळ्यात खाली शेवरोले, मग ओकलँड (आणि १९२६ पासून पाँटिअॅक), त्यावर ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि माथ्यावर कॅडिलॅक. तरुणपणी शेवरोले घेणाऱ्या माणसाने पगार वाढेल तसं एकेक पायरी चढावी, पण कंपनीच्या दाराबाहेर जाऊ नये, असा बेत होता.

त्याच काळात हेन्री फोर्ड मॉडेल टी एके मॉडेल टी करत बसले होते. जनरल मोटर्सने १९१९ मध्येच स्वतःची कर्ज देणारी शाखा काढली होती. गाडी आज घरी न्या, हप्ते नंतर भरा. फोर्डच्या योजनेत आधी दर आठवड्याला पैसे साठवायचे आणि पूर्ण भरल्यावर गाडी मिळायची. गिऱ्हाइक कुठे वळलं असेल ते सांगायला नको. शिवाय चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा सेल्फ-स्टार्टर बनवला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसवला गेला. हँडल मारून मनगट मोडून घ्यायची वेळ संपली. १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली गाडीचं रूप ठरवणारा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि दर वर्षी नवा चेहरा द्यायचा पायंडा पडला. मागच्या वर्षीची गाडी चांगली चालत असूनही मालकाला ती जुनी वाटावी, ही कल्पना तेव्हाची. मला ती आजही थोडी लबाडीचीच वाटते, पण धंदा म्हणून अफलातून होती. १९३१ ते २००७ अशी सलग ७७ वर्षं जगात सगळ्यात जास्त गाड्या विकणारी कंपनी हीच होती. २००८ मध्ये टोयोटाने तिला मागे टाकलं.

कामगारांचा फ्लिंटमधला गाजलेला संप याच कंपनीतला का?

हो. ३० डिसेंबर १९३६ ते ११ फेब्रुवारी १९३७. कामगार कारखान्याबाहेर गेलेच नाहीत, यंत्रांपाशी ठाण मांडून बसले. ४४ दिवसांनी कंपनीला त्यांच्या युनियनला मान्यता द्यावी लागली. अमेरिकेतल्या कामगार चळवळीचा इतिहास या संपाला वगळून लिहिता येत नाही.

गाडीमालकांच्या मोठ्या तक्रारी कधीपासून सुरू झाल्या?

तक्रारी पहिल्यापासून असणारच. देशभर गाजलेलं पहिलं प्रकरण कॉर्व्हेअरचं. शेवरोलेची ही छोटी गाडी १९६० च्या मॉडेल वर्षात आली. इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं. मागच्या चाकांच्या सस्पेन्शनची रचना अशी, की वळणावर अचानक मागची बाजू सुटण्याची भीती. त्यावर कंपनीचा तोडगा होता हवेच्या दाबाचा: पुढच्या टायरांत १५ पाउंड, मागच्यात २६. आता पेट्रोल पंपावरचा पोऱ्या चारही चाकांत सारखीच हवा भरणार, हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे वकील राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये यावर लिहिलं. कंपनीने गाडीचा बचाव करण्याऐवजी नेडर यांच्याच मागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आलं आणि मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली.

गाडीच्या बाजूचंही सांगायला हवं. १९६५ च्या मॉडेलपासून सस्पेन्शन बदललं होतं. १९७२ मध्ये सरकारी संस्थेने चाचण्या घेऊन १९६० ते ६३ ची कॉर्व्हेअर तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती असा निष्कर्ष काढला. तोवर कॉर्व्हेअर बंद होऊन तीन वर्षं झाली होती. जुन्या गाड्या जपणारे आजही ती हौसेने चालवतात.

ओल्ड्समोबिलमध्ये शेवरोलेचं इंजिन निघालं होतं, ते खरं का?

अगदी खरं, आणि या कंपनीचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर यासारखं दुसरं उदाहरण नाही.

ओल्ड्समोबिल घेणारे लोक तिच्या ‘रॉकेट’ इंजिनासाठी जास्त पैसे मोजायचे. १९७७ मध्ये शिकागोतल्या एका ग्राहकाने आपली नवी ओल्ड्समोबिल सर्व्हिसिंगला दिली तेव्हा ओल्ड्सचे सुटे भाग तिला बसेनात. झाकण उघडून पाहिलं तर आत शेवरोलेचं इंजिन. ओल्ड्सच्या गाड्यांना मागणी इतकी वाढली होती की त्या विभागाची इंजिनं पुरेनात, म्हणून कंपनीने शेजारच्या विभागातली उचलून बसवली होती. सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं.

कंपनीचं म्हणणं असं, की दोन्ही इंजिनं सारख्याच ताकदीची आहेत, मग बिघडलं कुठे? तांत्रिकदृष्ट्या ते फारसं चूक नव्हतं. शेवरोलेचं ते व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन तर उत्तमच होतं. पण पन्नास वर्षं ज्या कंपनीने लोकांना शिकवलं की ओल्ड्स ही शेवरोलेपेक्षा वरची, तिनेच आता ‘दोन्ही एकच’ म्हणावं? राज्यांच्या सरकारी वकिलांनी दावे केले, ग्राहकांना भरपाई आणि वाढीव वॉरंटी द्यावी लागली. त्यानंतर जाहिरातींच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ येऊ लागली, की आमच्या गाड्यांतली इंजिनं आमच्या वेगवेगळ्या विभागांत तयार होतात.

पुढे पायऱ्या पुसटच होत गेल्या. १९८२ च्या मॉडेल वर्षात कॅडिलॅकने सिमरॉन आणली. ती शेवरोले कॅव्हेलिअरचीच सख्खी बहीण, फक्त कातडी सीटं आणि बरीच जास्त किंमत. १९८३ मध्ये एका व्यापारविषयक मासिकाने शेवरोले, पाँटिअॅक, ओल्ड्समोबिल आणि ब्युइक यांच्या चार गाड्या मुखपृष्ठावर शेजारी शेजारी उभ्या केल्या. कोणती कुठली हे ओळखणं मुश्कील होतं.

अमेरिकेत डिझेल कार चालत नाहीत, त्यात जनरल मोटर्सचा हात आहे असं म्हणतात. का?

पूर्ण दोष एका कंपनीला देणं बरोबर नाही, पण मोठा वाटा तिचा आहे. १९७८ पासून ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं डिझेल व्ही-८ आलं. डिझेल इंजिनात दाब कितीतरी जास्त असतो. तरीही सिलिंडर हेड आवळणाऱ्या बोल्टांची मांडणी पेट्रोल इंजिनासारखीच ठेवली, म्हणजे जुन्याच यंत्रांवर उत्पादन करता येईल. बोल्ट ताणले जात, गॅस्केट उडे, पाणी आत शिरे. डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारी सोयही नव्हती, त्यामुळे पंप गंजत. १९८५ नंतर ते बंद झालं. ज्यांनी हजारो डॉलर घातले, त्यांच्या मुलांनीही पुढे डिझेल कारचं नाव काढलं नाही.

मग लोक या कंपनीच्या गाड्यांवर प्रेम का करतात?

कारण चांगलं काम केलं तेव्हा तेही तितकंच जबरदस्त केलं. १९५५ चं शेवरोलेचं ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिन घ्या. एड कोल यांच्या हाताखाली तयार झालेलं, आकाराने आटोपशीर, वजनाला हलकं, दुरुस्तीला सोपं. या घराण्यातल्या इंजिनांची संख्या २०११ मध्ये दहा कोटींवर गेली. अमेरिकेच्या कुठल्याही खेड्यात त्याचा मेकॅनिक आणि त्याचे भाग मिळतात. दुसऱ्या कंपनीच्या जुन्या गाडीत हे किंवा याच्या पुढच्या पिढीचं इंजिन टाकणं हा तिथे एक वेगळा छंदच आहे. १९५३ पासून चालत आलेली कॉर्व्हेट, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिलेले शेतकऱ्यांचे पिकअप ट्रक, यांच्या मालकांना कंपनीचे बाकी घोळ ऐकवून उपयोग नसतो.

सॅटर्नची गोष्ट मला जास्त चटका लावणारी वाटते. जपानी गाड्यांना उत्तर म्हणून १९८५ मध्ये हा वेगळा विभाग काढला. टेनेसी राज्यात स्प्रिंग हिल इथे नवा कारखाना उभारला आणि १९९० मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. गाडी तशी साधी, दारांचे पत्रे प्लॅस्टिकचे. पण विक्रीची पद्धत निराळी होती: किंमत एकच, घासाघीस नाही, आणि शोरूममधला माणूस तुम्हाला गंडवणार नाही याची खात्री. १९९४ मध्ये कंपनीने मालकांना कारखाना पाहायला बोलावलं तर चाळीस हजारांहून जास्त माणसं कुटुंबकबिल्यासह आली. आपण पंढरीला निघतो तशा लांबलांबच्या राज्यांतून गाड्या निघाल्या होत्या. इतकी माया मिळालेल्या विभागाला मूळ कंपनीने वर्षानुवर्षं नवं मॉडेल दिलं नाही. मग युरोपातल्या ओपेलच्याच गाड्यांवर सॅटर्नचं नाव चिकटवायला सुरुवात झाली. २०१० मध्ये सगळं गुंडाळलं.

ईव्ही-१ ही विजेवरची गाडीही तशीच. १९९६ पासून ती फक्त भाड्याने दिली, १,११७ बनवल्या. वापरणारे विकत घ्यायला तयार होते, तरी कंपनीने त्या परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात बरबँक इथे माजी वापरकर्ते गाड्यांच्या आवाराबाहेर दिवसरात्र पहारा देत बसले होते. उरलेल्या काही संग्रहालयांत गेल्या, त्याही बंद करून.

२००९ मध्ये दिवाळं निघालं तेव्हा गाडीमालकांचं काय झालं?

१ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक गाड्या घ्यायला घाबरू नयेत म्हणून त्याआधीच सरकारने वॉरंटीची हमी घेतली होती, त्यामुळे रोजच्या सर्व्हिसिंगला मोठा धक्का बसला नाही. अमेरिकेच्या सरकारने जवळपास ४९.५ अब्ज डॉलर ओतले आणि सुमारे ६० टक्के मालकी घेतली. २०१३ च्या अखेरीला शेवटचे शेअर विकले तेव्हा करदात्यांचं दहा अब्ज डॉलरहून जास्त नुकसान झालं होतं. नोकऱ्या वाचल्या, हाही हिशेब समोर मांडणारे आहेत.

मालकांच्या दृष्टीने खरी मेख दुसरीकडे होती. १० जुलै २००९ रोजी जी ‘जनरल मोटर्स’ बाहेर आली ती कायद्याने नवी कंपनी होती. जुनी कंपनी मोटर्स लिक्विडेशन अशा वेगळ्या नावाने, देणी आणि खटले घेऊन मागे राहिली. पाटी तीच, आतली कंपनी दुसरी. पाच वर्षांनी हा फरक फार महत्त्वाचा ठरला.

इग्निशन स्विचचं प्रकरण काय होतं?

शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या भावंडांमध्ये चावी फिरवायचा स्विच ढिला होता. किल्ल्यांच्या जुडग्याचं वजन आलं, गुडघा लागला किंवा गाडी खड्ड्यात आदळली तरी चावी मागे सरके. धावत्या गाडीचं इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि एअरबॅगही निकामी. भाग अगदी क्षुल्लक किमतीचा. कंपनीतल्या लोकांना तक्रारी २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत होत्या, गाड्या मात्र फेब्रुवारी २०१४ पासून परत बोलावल्या गेल्या. एकूण आकडा २६ लाखांच्या घरात गेला. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. फौजदारी चौकशी मिटवायला कंपनीने २०१५ मध्ये ९० कोटी डॉलर भरले.

इतकी वर्षं दोष सापडला का नाही? स्विचची रचना मध्येच सुधारली होती, पण भागाचा क्रमांक बदलला नव्हता. जुना ढिला स्विच आणि नवा घट्ट स्विच, दोघांचा नंबर एकच. अपघातांचा तपास करणाऱ्यांना काही वर्षांच्या गाड्यांत दोष दिसे, पुढच्या गाड्यांत दिसत नसे, आणि कागदावर तर काहीच बदललेलं नसे. शेवटी एका खटल्यात वादीच्या वकिलाने नेमलेल्या इंजिनिअरने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला.

कंपनीने नेमलेल्या चौकशीच्या अहवालात तिथल्या बैठकांच्या पद्धतीचं वर्णन आहे. सगळे मान डोलावून ठराव मान्य करतात आणि खोलीबाहेर पडल्यावर कुणीच काही करत नाही. याला तिथे ‘जीएम नॉड’ म्हणत. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

२००९ च्या आधीच्या गाड्यांची जबाबदारी आमची नाही, असा बचावही झाला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने स्विचच्या बाबतीत तो मानला नाही.

शेवरोले बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीच्या मालकांचा अनुभव कसा आहे?

आधी कौतुक, मग धास्ती, मग बऱ्याच जणांना फायदा, असा विचित्र क्रम. एलजीच्या बॅटरीतल्या काही सेलमध्ये एकाच वेळी दोन दोष असले तर आग लागू शकत होती. ऑगस्ट २०२१ पर्यंत बनवलेल्या सगळ्याच, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार बोल्ट परत बोलावल्या गेल्या. तोवर मालकांना सूचना होती: ९० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, गॅरेजमध्ये ठेवू नका, उघड्या वाहनतळावर दुसऱ्या गाडीपासून ५० फूट लांब उभी करा. शहरात ५० फूट मोकळी जागा कुठून आणायची, यावर मालकांनी पोटभर विनोद केले. पुढे कित्येकांना कोरी बॅटरी आणि तिच्यावर नव्याने आठ वर्षांची वॉरंटी मिळाली. जुन्या गाडीला नवं काळीज फुकट. खर्चाचा मोठा भाग एलजीने सोसला.

मुंबईत या कंपनीचा कारखाना होता का?

होता. १९२८ मध्ये शिवडीला जनरल मोटर्सने गाड्या जुळवायला सुरुवात केली. भारतातला हा पहिल्या काही मोटार-जुळणी कारखान्यांपैकी एक. बाहेरून सुटे भाग यायचे आणि इथे शेवरोलेच्या मोटारी, ट्रक, बस उभ्या राहायच्या. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं, की नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथेच बनवा. बाजार तेव्हा लहान होता. कंपनीने १९५४ मध्ये काम थांबवलं. फोर्डनेही त्याच सुमारास गाशा गुंडाळला.

भारतात विकल्या गेलेल्या शेवरोले अमेरिकन होत्या का?

जवळपास नव्हत्याच. दुसऱ्यांदा येताना कंपनीने १९९४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सशी भागीदारी केली आणि गुजरातेत हलोलला ओपेल अॅस्ट्रा बनवली. ती जर्मन घराण्यातली. २००३ पासून शेवरोले हे नाव आलं, पण आतली गाडी पाहा. ऑप्ट्रा ही कोरियातल्या देवूची लासेट्टी. फॉरेस्टर तर चक्क जपानी सुबारू. टवेरा म्हणजे इसुझूची पँथर. स्पार्क ही देवू मॅटिझची पुढची पिढी. देवूची भारतातली शाखा बंद पडल्यावर मॅटिझवाले हळहळत होते, त्यांना तीच गाडी नवा बो-टाय लावून परत भेटली. क्रूझ आणि कॅप्टिव्हाही कोरियन शाखेच्या. सेल आणि एन्जॉय चिनी भागीदारीतून आलेल्या.

यात वाईट काही नाही. स्पार्क आणि टवेरा या गाड्या आपल्या रस्त्यांना मानवल्या. शिर्डी, अष्टविनायक, कोकण अशा सहलींना भाड्याने मिळणारी गाडी म्हणजे टवेरा, असा एक काळ होता. मात्र ‘अमेरिकन गाडी आहे, दणकट असणार’ म्हणून ज्यांनी घेतली, त्यांनी कौतुक चुकीच्या देशाचं केलं.

टवेरा परत का बोलावल्या होत्या?

जुलै २०१३ मध्ये कंपनीने २००५ ते २०१३ या काळातल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. कारण प्रदूषण-चाचणीतली लबाडी. चाचणीला पाठवायच्या गाड्यांत निवडून घेतलेली, कमी धूर सोडणारी इंजिनं बसवली जात होती आणि वजनाच्या आकड्यांतही फेरफार होत होता. कंपनीने स्वतःच सरकारला कळवलं आणि काही वरिष्ठ अधिकाऱ्यांसह अनेकांना काढून टाकलं. फोक्सवॅगनचं जगभर गाजलेलं प्रकरण यानंतर दोन वर्षांनी आलं. टवेराचं मात्र लोक विसरूनही गेले.

कंपनी भारतातून का गेली? तळेगावच्या कारखान्याचं काय झालं?

तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. २०१५ मध्ये भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा झाली आणि मे २०१७ मध्ये भारतातली विक्री वर्षअखेरीला थांबवत असल्याची. बाजारातला वाटा एक टक्क्याच्या आसपास उरला होता. जगभरच कंपनी तोट्याचे देश सोडत होती. त्याच वर्षी ओपेलही विकली. माझं मत असं, की दर दोन वर्षांनी वेगळ्या देशातली वेगळ्या घराण्याची गाडी आणल्याने शेवरोले म्हणजे नक्की काय, हे इथल्या गिऱ्हाइकाला कधी कळलंच नाही. त्याच काळात मारुती आणि ह्युंदाई गावोगाव वर्कशॉप उघडत होत्या.

तळेगावातून मेक्सिकोसाठी बीट बनत राहिली, डिसेंबर २०२० पर्यंत. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी कारखान्याचा सौदा जानेवारी २०२० मध्ये ठरला होता, पण सीमेवरच्या तणावानंतर चिनी गुंतवणुकीची परवानगी अडली आणि २०२२ मध्ये तो सुटला. कामगार संघटना कारखाना बंद करण्याविरुद्ध न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने जागा घ्यायचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथून तिच्या गाड्या निघू लागल्या.

हलोलचा कारखाना चीनच्या साइक कंपनीने घेतला आणि तिथून एमजी हेक्टर बाहेर पडली. गंमत म्हणजे तीच गाडी काही देशांत शेवरोले कॅप्टिव्हा म्हणून विकली गेली.

माझ्याकडे अजून शेवरोले आहे. सुटे भाग मिळतील का?

बहुतेक मिळतात, पण गाडीचं ‘दुसरं नाव’ माहीत हवं. इथली बीट परदेशात बऱ्याच ठिकाणी स्पार्क म्हणून विकली गेली. इथे स्पार्क हे नाव आधीच्या मॅटिझ पिढीला देऊन झालं होतं, म्हणून नवीला बीट म्हटलं. त्यामुळे नुसतं ‘स्पार्कचा हेडलाइट’ असं सांगून ऑनलाइन मागवलात तर दुसऱ्याच गाडीचा हातात पडू शकतो. ऑप्ट्राचा भाग लासेट्टीच्या नावाने शोधा. नाव सोडून भागाचा क्रमांक आणि चासी नंबर धरून विचारा, आणि जुना भाग काढून शेजारी ठेवून जुळवा.

सेल आणि एन्जॉयचं १.३ डिझेल हे फिअॅटच्या मल्टिजेट कुळातलं, म्हणजे स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टाच्या नात्यातलं. बहुतेक मेकॅनिकांचा त्यावर हात बसलेला असतो. बीट डिझेलचं ९३६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिनही त्याच कुळातलं, पण त्याचे खास भाग शोधावे लागतात. इंजिनापेक्षा जास्त पायपीट होते ती बंपर, दिवे, काचा, सेन्सर आणि एसीच्या भागांसाठी. भंगारात निघालेल्या गाडीचे भाग हा तिथे खरा आधार.

जुनी बीट किंवा क्रूझ स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?

किंमत पाहून मोह होतो हे खरं. डिझेल क्रूझ हायवेला आजही भल्याभल्यांना मागे टाकते. तुमच्या गावात तिचा जाणकार मेकॅनिक असेल आणि घरात दुसरी गाडी असेल तर घ्या. एकुलती एक, रोजच्या कामाची गाडी म्हणून घेऊ नका. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद मागा. क्रूझमध्ये तो तुटला तर इंजिनाचं काम निघतं. बीट डिझेल असेल तर क्लच पेडलची दुरुस्ती झाली का ते विचारा, कारण डिसेंबर २०१५ मध्ये एक लाखाहून जास्त गाड्या त्यासाठी बोलावल्या होत्या. नोंदणीला १५ वर्षं होत आली असतील तर आरटीओतल्या नूतनीकरणाचा खर्च भावात धरा.

अमेरिकेत राहतो. वापरलेली शेवरोले किंवा जीएमसी घेताना काय पाहावं?

सरकारच्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, टाका. राहिलेले रिकॉल लगेच दिसतात आणि त्यांची दुरुस्ती फुकट असते. मोठे ट्रक आणि एसयूव्ही घेणार असाल तर ६.२ लिटर व्ही-८ कडे नीट लक्ष द्या. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगच्या दोषासाठी एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या आहेत. तपासणीत दोष सापडला तर इंजिन बदलून मिळतं, नाही सापडला तर जाड ऑइल घालून देतात. विक्रेत्याला यातलं काय झालं ते कागदावर दाखवायला सांगा.

ऑनस्टार, म्हणजे गाडी नेटवर्कने कंपनीशी जोडून ठेवणारी सेवा, चालू असेल तर तिच्या परवानग्या वाचा. ब्रेक किती जोरात दाबला, वेग किती होता, अशी माहिती कंपनीकडून विमा-क्षेत्राला माहिती पुरवणाऱ्या संस्थांकडे जात होती आणि काही मालकांना हप्ता वाढल्यावरच ते कळलं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने अशा विक्रीवर पाच वर्षांची बंदी घालण्याचा आदेश मांडला. आधीच्या मालकाचं खातं गाडीला जोडलेलं राहिलं असेल तर ते काढायला लावा आणि मगच पैसे द्या.